सालोमालोचा बॅटमॅन

२०१२ साली अमेरिकेत एका ऑनलाइन लिलावात एक जुना चेक विकला गेला. चेक १९३८ सालचा, ४१२ डॉलरचा. कधीच वटवून झालेला, म्हणजे बँकेच्या हिशेबाने निव्वळ रद्दी. त्याला किंमत आली एक लाख साठ हजार डॉलर. कारण त्या ४१२ पैकी १३० डॉलर सुपरमॅनचे होते. क्लीव्हलंडच्या तेवीस वर्षांच्या दोन पोरांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी, तेरा पानांची एक गोष्ट पानाला दहा डॉलर या भावाने विकली होती. गोष्टीबरोबर त्यातला माणूसही कायमचा देऊन टाकला होता. चेकवर दोघांच्याही आडनावांची स्पेलिंगं चुकलेली आहेत.

म्हणजे ज्या कागदाने त्यांना १३० डॉलर दिले, तो कागदच पुढे त्याच्या हजारपटीहून जास्त भावाला गेला. आणि घेणारा कोण? अर्थात कोणी तरी आपल्यातलाच. सुपरमॅनवर जीव असल्याशिवाय वटलेल्या चेकसाठी कोण एवढे पैसे मोजतो?

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात फिरतोय. एखाद्या पात्रावर आपण वर्षानुवर्षं जीव लावतो, त्याचे टी-शर्ट घालतो, फिगर घेतो, पहिल्या दिवशीचं पहिलं तिकीट काढतो. या सगळ्यात आपण नेमकं कोणाचं देणं लागतो? कंपनीचं? पात्राचं? की त्या माणसाचं, ज्याने कधी तरी एका दुपारी बसून ते पात्र कागदावर आणलं?

सीगल आणि शुस्टर यांची नावं निदान माहीत तरी आहेत. मला जास्त छळतो तो बिल फिंगर.

बॅटमॅन पहिल्यांदा आला १९३९ साली, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात. त्यावर नाव होतं बॉब केन या चित्रकाराचं. 'बॅटमॅन' ही कल्पना आणि पहिलं रेखाटन केनचंच. पण त्या रेखाटनातला बॅटमॅन तुम्ही बघितला असतात तर ओळखला नसता. लाल कपडे, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा, पाठीला ताठ लाकडी वाटावेत असे पंख. केन ते घेऊन फिंगरकडे गेला. फिंगर तेव्हा बूट विकण्याचं काम करायचा आणि लेखक व्हायची स्वप्नं बघायचा. त्याने पंख काढून केप दिली, कानांचा मुखवटा दिला, रंग काळा-करडा करायला लावला. ब्रूस वेन हे नाव त्याचं, गॉथम हे शहर त्याचं. पहिली गोष्ट त्याने लिहिली आणि त्यानंतरच्या शेकडो लिहिल्या. रॉबिन, जोकर, कॅटवुमन यांच्या घडणीतही त्याचा हात. आणि नाव? कुठेच नाही. केनने प्रकाशकाबरोबर जो करार केला त्यात निर्माता म्हणून फक्त केन. प्रत्येक गोष्टीवर चौकटीत त्याची ठसठशीत सही. पुढे तर केन स्वतः फारसं काढतही नव्हता. शेल्डन मोल्डॉफने १९५३ ते १९६७ इतकी वर्षं केनच्या नावाखाली बॅटमॅन काढला. सही मात्र तीच.

हे वाचताना मला सारखा सालोमालो आठवतो.

'प्रभात'चा १९३६ चा 'संत तुकाराम' ज्यांनी बघितला नसेल त्यांनी बघा, यूट्यूबच्या काळात सबब चालणार नाही. त्यात सालोमालो नावाचा बुवा आहे. तो तुकारामांचे अभंग घेतो आणि स्वतःचे म्हणून खपवतो. ही कल्पना सिनेमावाल्यांची नाही. खुद्द तुकारामांच्या गाथेत सालोमालोवर चिडून लिहिलेले अभंग आहेत. म्हणजे कॉपीराइट कायदा येण्याच्या कितीतरी आधी देहूच्या एका वाण्याला हा प्रश्न पडला होता आणि त्याने तो विठ्ठलावर सोडून दिला नव्हता, लिहून ठेवला होता.

आपल्या संतांनी श्रेयनामावलीची जी सोय केली होती ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव असतं: तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. वेगळ्या पाटीवर नाही, रचनेच्या आतच. नाव काढलं तर ओळ लंगडते. आजच्या भाषेत, मेटाडेटा फाइलमध्येच भिनवलेला. फक्त या सिस्टिममध्ये एक बग होता. अभंगाचा छंद अक्षरं मोजतो. 'तुका' दोन अक्षरी, 'सालो' पण दोन अक्षरी. फाइंड अँड रिप्लेस मारलं की झालं, छंदाला पत्ता लागत नाही.

बॉब केनने तेच केलं, असं म्हणायचा मोह होतो. पण थांबूया, कारण इथेच गंमत आहे.

माझ्या ऑफिसच्या डेस्कवर, मॉनिटरच्या पायाशी, बॅटमॅनची एक वीतभर फिगर आहे. जेवणानंतर एकदा हा सगळा विषय निघाला. शेजारी बसणारा माझा सहकारी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, होम लोनवाला, थंड डोक्याचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, पण सही केली होती ना त्यांनी? मग प्रश्न काय आहे? तू पण केलीयेस."

केलीये. आयटीत असाल तर तुम्हीही केली असेल. ऑफर लेटरबरोबर जो गठ्ठा येतो त्यात कितव्या तरी पानावर लिहिलेलं असतं की नोकरीत असताना मी जे काही बनवेन ते सगळं कंपनीचं. मी लिहिलेला कोड आज कुठे कुठे चालतो, त्यावर माझं नाव नाही आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. पगार मिळाला, विषय संपला. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची कमांड असते, ती प्रत्येक ओळ कोणी लिहिली ते सांगते. पण ती श्रेय द्यायला कोणी वापरत नाही, नाव वाचलंत ना तिचं.

तर मग मला स्वतःबद्दल जे वाटत नाही ते सीगल-शुस्टरबद्दल का वाटावं? ते सज्ञान होते, कोणी पिस्तूल रोखलं नव्हतं, १९३८ च्या मंदीत १३० डॉलर काही भीक नव्हते. फिंगरचं तर त्याहून विचित्र. त्याने हक्क विकलेच नाहीत, कारण त्याला कोणी विचारलंच नाही. करार केन आणि कंपनीत झाला, फिंगर खोलीबाहेर. पण तरी, पानांचे पैसे त्याला मिळत होते. काम केलं, दाम घेतला.

या प्रश्नाला मला बरेच दिवस उत्तर नव्हतं. "गरीब बिचारे कलाकार" हे उत्तर नव्हे. आता जे वाटतं ते असं.

तेरा पानांच्या गोष्टीची किंमत त्या दिवशी १३० डॉलर असेलही. बाजारभाव होता तो, घटकाभर रास्त धरू. पण सुपरमॅनची आजची किंमत ही त्या तेरा पानांची नाही. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक २०२४ साली साठ लाख डॉलरला गेला. कागद तोच, गोष्ट तीच. मधल्या काळात त्यात भर पडली ती कशाची? वाचणाऱ्यांच्या प्रेमाची. एका पिढीने दुसरीला सांगितलं, मुलांनी गळ्याला टॉवेल बांधून पलंगावरून उड्या मारल्या, कोणी हॉस्पिटलच्या खाटेवर तो वाचला, म्हणून ते साठ लाख झाले. माझ्या पेमेंट मॉड्यूलचं असं काही होत नाही. त्याचा टॅटू कोणी दंडावर काढून घेत नाही. त्याची किंमत ज्या दिवशी ठरली त्याच्या आसपासच ती राहते, चार वर्षांनी शून्य होते आणि ते योग्यच आहे.

म्हणजे विक्रीच्या दिवशी दोन्ही बाजूंना जी माहीत नव्हती आणि असू शकतही नव्हती, ती किंमत नंतर तिसऱ्याच कोणी तरी तयार केली. ते तिसरे आपण. करार बांधतो तो सही करणाऱ्या दोघांना. कोर्टासाठी तेवढं पुरे आहे. पण माझं प्रेम काही त्या कराराचा भाग नव्हतं. गोष्ट वाचून मी हरखलो तेव्हा माझ्या मनातलं "वा!" हे गोष्ट रचणाऱ्याला उद्देशून होतं, हक्कधारकाला नव्हतं. मनीऑर्डर एकाच्या नावाने निघाली आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यानेच सही करून घेतली, असं काहीसं हे आहे. मालकी हक्काने पोस्टमन कितीही बरोबर असला, तरी पाठवणाऱ्याला विचारायचा अधिकार आहे की पत्ता कोणी बदलला.

सहकाऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण मग थांबणार कुठे?"

हा मात्र खरा अवघड प्रश्न. कारण बिल फिंगरही काही शून्यातून उठला नव्हता. बॅटमॅनची पहिलीवहिली गोष्ट, जिच्यासाठी आपण फिंगरची बाजू घेऊन भांडतो, ती 'द शॅडो' या नायकाच्या एका आधीच्या कथेवरून सरळ सरळ उचललेली आहे. ती कथा थिओडोर टिन्स्ली नावाच्या लेखकाची. कॉमिक्समध्ये टिन्स्लीचं नाव नव्हतं, कित्येक दशकं कोणाला हे ठाऊकही नव्हतं. जोकरचं ते हसू १९२८ च्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातल्या कॉनराड फाइटच्या चेहऱ्यावरून आलं. तो सिनेमा व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून. ह्यूगोने कुठून घेतलं ते ह्यूगोला माहीत. सालोमालोच्या मागे सालोमालो, अशी ही रांग लागते. टोकाला पोचलो तर देणेकरी म्हणून अख्खी मानवजात उभी राहील आणि मग कोणालाच काही द्यायला नको. कंपन्यांना हा युक्तिवाद फार सोयीचा आहे.

मला वाटतं रेघ मारता येते, पण ती जाड आणि थोडी वाकडी येते. प्रभाव घेणं वेगळं आणि समोर बसलेल्या माणसाला पुसणं वेगळं. ह्यूगो पॅरिसमध्ये मरून अर्धशतक झालं होतं, त्याचं नाव त्याच्या पुस्तकावर शाबूत होतं, जोकरने त्याचं काही हिरावलं नाही. फिंगर मात्र त्याच टेबलावर बसून, त्याच पानावर, त्याच वेळी काम करत होता. त्याचं भाडं थकत होतं आणि त्याचं नाव वगळायचा निर्णय रोज नव्याने घेतला जात होता. १९७४ साली तो एकोणसाठाव्या वर्षी गेला, तंगीतच. पडद्यावर बॅटमॅनचा लेखक म्हणून त्याचं नाव जिवंतपणी झळकलं ते १९६६ च्या टीव्ही मालिकेतल्या क्लॉक किंगच्या एका दोन-भागी गोष्टीपुरतं. टिन्स्ली मात्र या रेघेच्या बरोबर मध्ये पडतो आणि त्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत सुखावणारी गोष्ट पुढे आहे. फिंगरचं नाव परत आणलं कोणी? कोर्टाने नाही. कंपनीला एका सकाळी उपरती झाली असंही नाही. फॅन लोकांनी आणलं.

१९६५ साली जेरी बेल्स नावाच्या फॅनने फिंगरशी बोलून एक लेख लिहिला की बॅटमॅनमधलं अर्ध्याहून जास्त या माणसाचं आहे. बेल्स डेट्रॉइटच्या युनिव्हर्सिटीत शिकवायचा. युनिव्हर्सिटीचं नाव वेन स्टेट, हा योगायोग मी मुद्दाम सांगतोय. लेख सायक्लोस्टाइल छापाच्या फॅन-अंकांच्या जगात फिरला. त्यावर केनने संतापून लांबलचक पत्र लिहिलं की हे सगळं खोटं, बॅटमॅन माझाच. फिंगर गेल्यावर, १९८९ च्या आत्मचरित्रात, त्याच केनने फिंगरचं योगदान मान्य केलं. मग २०१२ साली मार्क टायलर नोबलमन या लेखकाने फिंगरवर मुलांसाठी चित्रमय पुस्तक काढलं. त्यासाठी शोधाशोध करताना त्याला फिंगरची नात सापडली, जिच्या असण्याची कॉमिक्सच्या जगाला खबरही नव्हती. वारस सापडला म्हणून कंपनीशी बोलणी होऊ शकली आणि २०१५ मध्ये डीसीने श्रेय मान्य केलं.

सुपरमॅनचंही तसंच. १९७५ मध्ये सिनेमाची तयारी चालली होती आणि दृष्टी अधू झालेला शुस्टर हलाखीत होता. नील अ‍ॅडम्स या चित्रकाराने इतरांना घेऊन वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून इतका गवगवा केला की कंपनीला दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि नावाची ओळ परत द्यावी लागली. जॅक कर्बी तर 'फॅन्टास्टिक फोर', 'हल्क', 'थॉर' यांच्या जन्मदात्यांतला एक. मार्व्हलने त्याला त्याने स्वतः काढलेल्या हजारो मूळ पानांपैकी आधी फक्त ८८ देऊ केली होती, तीही खास लांबलचक अटींवर. चित्रकार आणि वाचकांनी सह्यांची मोहीम चालवली. १९८७ मध्ये त्याला सुमारे दोन हजार पानं मिळाली.

आपल्याला घरचे लोक हसतात ते कशासाठी? कोणत्या अंकात कोणत्या पानावर बॅटमोबिलला किती चाकं होती हे आपण पाठ ठेवतो म्हणून. "याचा काय उपयोग?" हा प्रश्न आईने किती वेळा विचारला असेल. उपयोग हा. कोणी शाई भरली, कोणी अक्षरं काढली, सही खाली असली तरी नाकाची रेघ कोणाची आहे, हे ओळखणारी ही खुळी जमात नसती तर फिंगरला साक्षीदार मिळाला नसता. कंपनीची स्मृती करारापुरती असते. फॅनची स्मृती बिनकामाची असते, म्हणून तिच्यात सगळं राहतं.

अर्थात हीच जमात दुसऱ्या दिवशी काय करते तेही आपण बघितलंय. २०१८ साली केली मारी ट्रान या अभिनेत्रीने इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या, कारण 'स्टार वॉर्स'च्या "खऱ्या" फॅनना तिचं पात्र आवडलं नव्हतं आणि त्यांनी तिच्या वर्णावरून, शरीरावरून गलिच्छ बोलून तिला नकोसं केलं होतं. त्यांचाही दावा हाच की प्रेम आमचं, किंमत आम्ही वाढवली, मग हक्क आमचा. माझा मनीऑर्डरचा युक्तिवाद त्यांच्या हातात दिला की किती घाण होतो बघा. म्हणून तो नीट मांडायला हवा. पाठवणाऱ्याला पत्ता विचारायचा हक्क आहे, घेणाऱ्याच्या घरात घुसायचा नाही. "हे कोणाचं आहे?" असं विचारणारा फॅन आणि "हे माझं आहे" असं ओरडणारा फॅन एकाच रांगेत उभे असतात, एकच टी-शर्ट घालून.

आणि आपलं काय? पुण्या-मुंबईत बसून चोरीची पीडीएफ वाचणारे काही जण म्हणतात की कंपनीनेच कलाकारांना लुटलं, मग तिचं काय वाईट वाटायचं. सोयीचं आहे, पण त्याने फिंगरच्या नातीकडे एक पैसाही जात नाही. सालोमालोच्या घरी चोरी केली म्हणजे तुकोबांचं देणं फिटत नाही. त्यापेक्षा मुंबई कॉमिक कॉनला गेलात तर मोठ्या स्टॉलवरच्या रांगा ओलांडून आर्टिस्ट अ‍ॅलीत जा. तिथे आपलंच कॉमिक स्वतः लिहून, काढून, छापून, पिशवीतून वाहून आणलेली पोरं टेबलामागे बसलेली असतात. त्यांच्याकडून घेतलेल्या अंकावर सही करणारा आणि काढणारा एकच असतो. पैसे थेट त्याच्या क्यूआर कोडवर जातात. बघा, काम आवडलं तरच घ्या; दया दाखवायला जाऊ नका.

आपल्याकडे हे आधी झालेलंही आहे, साध्या पद्धतीने. 'टिंकल' १९८० मध्ये सुरू झालं तेव्हापासून वाचकांनी पाठवलेल्या गोष्टी त्यांच्या नावासकट छापायची तिथे पद्धत होती. सुप्पांडीच्या पहिल्या गोष्टी तामिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या, त्याला चेहरा दिला राम वाईरकरांनी. लोककथा कोणाचीच नव्हती, तरी पाठवणाऱ्याचं नाव टाकायला अनंत पैंच्या मंडळींना करार लागला नाही.

फिंगरचं नाव आता सिनेमात येतं. २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'पासून ओळ अशी: बॅटमॅनचा निर्माता बॉब केन, बिल फिंगर'सह'. 'आणि' नव्हे, 'सह'. लग्नाच्या पत्रिकेत 'सहकुटुंब' लिहितात त्यातला. वकिलांनी त्या एका शब्दावर किती तास घालवले असतील याची मी कल्पना करू शकतो, मीही व्हेरिएबलच्या नावावर अर्धा दिवस मीटिंग केलीये. ब्राँक्समधल्या पो पार्कमध्ये केन आणि फिंगर बसून बॅटमॅनच्या गोष्टी रचायचे. तिथल्या कोपऱ्याला २०१७ मध्ये 'बिल फिंगर वे' असं नाव मिळालं. त्या पाटीवर 'सह' नाही.

डेस्कवरची फिगर अजून तिथेच आहे. कोणी नवीन माणूस टीममध्ये आला आणि ती उचलून "भारी आहे, कोणी बनवली?" असं म्हणाला, की मी कंपनीचं नाव सांगत नाही. केनपासून सुरू करतो, मग फिंगर, मग मोल्डॉफ. टिन्स्लीपर्यंत पोचतो तोवर समोरचा बहुतेक वेळा चहाला निघून गेलेला असतो.